आरतीच्या वेळचा ठिपका

उखर्डू दगडू देवरे हे नाव धुळ्याच्या कॉलेजात कोणाला ठाऊक नव्हतं. तिथे ते यू. डी. देवरे सर, फिजिक्सचे. आईची आधीची तीन लेकरं गेली, म्हणून हे चौथं जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून उचललं आणि नाव पडलं उखर्डू. आता असलं नाव घेऊन माणूस न्यूटनचे नियम शिकवायला उभा राहील का? सरांनी ते दोन इंग्रजी अक्षरांत गुंडाळून टाकलं, आणि अहिराणीसुद्धा गावाकडच्या ओट्यावरच ठेवून आले. कॉलेजात कसं अगदी पुस्तकासारखं बोलायचे.

माणूस हुशार होता, त्यात वाद नाही. आणि हुशार माणसाला एक खाज असते, आपलं काहीतरी निघावं अशी. सन शहाऐंशीत परदेशात पाचव्या बलाची चर्चा उठली. निसर्गात चार बलं आहेत म्हणतात, पण एखादं पाचवंही असावं, फार हलकं, आजवर कोणाच्या हाती न लागलेलं. सरांचं स्वतःचं एक गणित कधीचं तयार होतं. रिकामी जागा रिकामी नसते, तिला एक ताण असतो आणि तो वेळोवेळी बदलतो. तो मोजायचा तर एक यंत्र हवं, शांत खोली हवी, दोन-तीन वर्षं हवीत. विद्यापीठाकडे अर्ज केला, तो दोन ओळींच्या पत्रासह परत आला. मग काय, स्टाफरूममध्ये रोजची मजा! "काय यू. डी., सापडलं का पाचवं? का अजून चारच?" सर हसायचे आणि घरी येऊन बायकोवर, लीलाबाईंवर, विनाकारण चिडायचे.

अशात नरडाण्याच्या अलीकडच्या, कापसातून सरकी काढायच्या एका जिनिंगचे मालक देवचंदआबा कोणाच्या तरी ओळखीनं घरी आले. धोतर, टोपी, पायात जाड वहाणा. जिनिंगच्या आवारातच मौनीबाबांची समाधी, आणि आबांनी बाबांच्या नावानं न्यास काढलेला. न्यासाचे बोलके विश्वस्त पंडितअण्णा बरोबर होते. ते बसल्या बसल्या म्हणाले, "सर, पाचवं बल म्हणजे आपल्या पंचमहाभूतांतलं पाचवं, आकाश. आमच्याकडे रोज आरतीला ते जागं होतं. तुम्ही फक्त मोजून द्या." सरांना मनातून हसू फुटलं. पण सालाला पंधरा हजार, स्वतंत्र खोली, वर अहवाल छापायचा खर्च! ते हसू त्यांनी चहाबरोबर गिळलं.

आबा मात्र जाताना दारात थांबले. "सर, आपल्याला त्यातलं काही कळत नाही. सापडलं तर सापडलं म्हणा, नाही सापडलं तर नाही म्हणा. देवाच्या दारात खोटं नको, एवढंच." हे शब्द सरांनी त्या वेळी कानाआड केले. पैसेवाला भाविक माणूस, असंच बोलणार, असं त्यांना वाटलं.

समाधीच्या मागची, जिनच्या हॉलला चिकटून असलेली खोली मिळाली. यंत्र तसं साधं. भिंतीतल्या लोखंडी ब्रॅकेटला एक बारीक तार, तारेला आडवी दांडी, दांडीच्या दोन टोकांना शिशाचे गोळे, आणि तारेवर नखाएवढा आरसा. आरशावर दिव्याचा झोत सोडला की समोरच्या भिंतीवरच्या पट्टीवर उजेडाचा ठिपका पडतो. दांडी केसभर वळली तरी ठिपका बोटभर सरकतो.

हे सगळं उभं केलं ते वनानं. वना बैसाणे, जिनचा वायरमन. आयटीआय झालेला, हाताचा पक्का, बोलायला कमी. भिंतीला भोकं त्यानं पाडली, दिव्याची वायर त्यानं ओढली, तार चार वेळा तुटली ती चार वेळा त्यानं लावली. सर शनिवारी दुपारच्या एसटीनं यायचे, तोवर वना खोली झाडून, दिवा पुसून तयार. दोघं जिनच्या माठातलं पाणी प्यायचे आणि शेवंताबाईनं, म्हणजे वनाच्या बायकोनं, बांधून दिलेली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि ठेचा खायचे. शेवंताबाई तिथंच कापूस निवडायला होती. यंत्र समजून घ्यायची वनाला भारी हौस. सर त्याला सांगायचे, "शंका आली की एक गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं, आणि बघायचं." कॉलेजातली पोरं जांभया देत ऐकायची, वना मान हलवत ऐकायचा.

आणि ठिपका हालला! रोज संध्याकाळी सातला आरती सुरू झाली की ठिपका डावीकडे पाऊण बोट सरकायचा, आरती संपली की परत जागेवर. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, सलग तीन आठवडे. सर नसले की जिनमधला कोणीतरी खोलीत बसून वहीत नोंद करायचा आणि रकान्यात आपलं नाव लिहायचा. जिल्ह्याच्या पेपरात बातमी आली, फोटो आला. स्टाफरूम गप्प झाली. प्रिन्सिपॉलांनी बोलावून खुर्ची दिली. लोक दर्शन घेऊन खोलीत डोकवायचे, ठिपका सरकला की हात जोडायचे. सर वरवर म्हणायचे, "अहो, नमस्कार काय करता, हे शास्त्र आहे." पण त्यांनाही ते आवडायला लागलं होतं.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी वनानं दार लोटून घेतलं.

"सर, एक सांगू का? राग मानू नका."

"बोल ना."

"काल मी मुद्दाम मोटार पाच मिन्टं उशिरा बंद करी. आरती चालू व्हई गयथी, तरी ठिपका जाग्यावरच व्हता. मोटार बंद करी, नि मंग हालना. ते बठ्ठं मोटारनं शे सर, आरतीनं नही."

त्या जिनचा रिवाज होता, आबांच्या वडिलांपासूनचा. आरतीची घंटा झाली की मेन मोटार बंद, पट्टे थांबले पाहिजेत, माणसं उभी राहिली पाहिजेत. बाबा मौनी, त्यांच्यापुढे यंत्राचा खडखडाट नको. मोटार थांबली की पट्ट्याची ओढ सुटायची, पट्टे फिरवणारा शाफ्ट ज्या भिंतीत बसवलेला ती भिंत इतका वेळ कललेली असायची ती केसभर सरळ व्हायची, आणि त्याच भिंतीत सरांचं ब्रॅकेट. सरांना हे क्षणात कळलं.  एक गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं. वायरमननं ते केलं होतं, प्राध्यापकानं केलं नव्हतं.

आणि सर काय म्हणाले असतील? "शाब्बास वना" म्हणाले असते तर ही गोष्ट इथंच संपली असती. सर म्हणाले, "आरतीत मोटार चालू ठेवलीस? आबांना कळलं तर नोकरी राहील का तुझी? हे परत कुठं बोलू नकोस." वनानं त्यांच्याकडे बघितलं. "तुम्हले सांगं, आखो कोनले सांगू?" एवढं बोलून तो पाना उचलून निघून गेला.

सरांनी स्वतःची समजूत घातली. बहुतेक सगळं मोटारीचं असेल, पण सगळंच कशावरून? थोडं तरी आपलं असेल. पुढच्या साली ब्रॅकेट दुसऱ्या भिंतीत बसवू, मग बघू. पुढचं साल आलं, ब्रॅकेट होतं तिथंच राहिलं. कोण हात लावतो!

दुसऱ्या हंगामात, अठ्ठ्याऐंशीच्या जानेवारीत, न्यासाची बैठक भरली. पुढच्या सालाचे पैसे मंजूर व्हायचे होते. पंडितअण्णा वही चाळत थांबले. "सर, हे दोन दिवस बघा. नऊ तारीख आणि सोळा तारीख. आरती झाली, ठिपका जागचा हालला नाही. असं का?"

कारण सरळ होतं. त्या दोन्ही दिवशी दुपारपासून लाईट नव्हती. जिन आधीच बंद, मग आरतीला थांबणार काय? पण हे कारण सांगितलं असतं तर बाकीच्या सगळ्या दिवसांचंही कारण सांगितल्यासारखं झालं असतं. 

"खोलीत कोण होतं त्या दिवशी?" अण्णांनी रकान्यावरून बोट फिरवलं. "हे काय, दोन्ही दिवशी व. बैसाणे."

वना होताच. लाईट नव्हती म्हणूनच होता. दिवा पेटता राहावा म्हणून ट्रॅक्टरची बॅटरी खांद्यावर घालून आणली होती त्यानं. एरवी आरतीच्या वेळी तो मेन स्विचपाशी असायचा.

अण्णा आबांकडे बघून हसले. "मी म्हणत नव्हतो, आबा? समाधीच्या भिंतीला लागून खोली. कोणी जावं, कोणी जाऊ नये, याला काही अर्थ असतो. काय सर? शास्त्र काय म्हणतं?"

आबा सरांकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरून सरळ दिसत होतं की त्यांना 'नाही' ऐकायचं आहे. शिकलेल्या माणसानं 'नाही' म्हटलं की अण्णांचं तोंड बंद होईल, याची वाट बघत होते ते. आणि सर म्हणाले, "निरीक्षणाच्या वेळी काही व्यक्तींच्या सान्निध्याचा परिणाम होण्याची शक्यता नाकारता येत नाही."

एकच वाक्य. पुढे ते अहवालात छापलं गेलं. पैसे मंजूर झाले. सर शेवटच्या एसटीनं घरी आले, जेवले नाहीत, आणि लीलाबाईंनी "बरं वाटत नाही का?" विचारलं तर म्हणाले, "मला काय धाड भरलीय!"

आता एक वाक्य ते काय, असं तुम्ही म्हणाल. पण त्या वाक्याला पाय फुटले. आधी खोलीच्या दारावर पाटी लागली : "शास्त्रीय कारणास्तव ठराविक व्यक्तींनाच प्रवेश." मग समाधीच्या ओट्याला ती लागली. वनाला मेन स्विचवरून काढून गेटवरच्या वजनकाट्यावर बसवलं, दोन महिन्यांत तो काम सोडून शिंदखेड्याला पंपांच्या दुकानात लागला. सरांना हे कळत होतं. ते शनिवारऐवजी रविवारी यायला लागले, आणि वजनकाट्याकडे न बघता आत शिरायला शिकले. वना गेला असं कळलं तेव्हा, खरं सांगायचं तर, त्यांना सुटल्यासारखं वाटलं. ही गोष्ट त्यांनी कोणापाशी कधी कबूल केली नाही, पण ती त्यांना आतून खात राहिली.

एकोणनव्वदच्या हंगामात एका रविवारी सर गेटातून आत येत होते. रस्त्यापलीकडच्या हापशावर शेवंताबाई आणि आणखी चार बायका पाणी भरत होत्या. आत आवारात माठ भरलेले. सरांनी विचारायला नको होतं, पण तोंडातून निघून गेलं, "अहो, एवढ्या लांब का येता पाण्याला?"

शेवंताबाईनं हंडा खाली ठेवून आवारातल्या माठांकडे हात केला. "आठलं पानी आम्हले बंद शे आते."

"का?"

"तुम्हनाच कागद शे ना सर. आम्हनामुये ठिपका हालत नही म्हने." ती रागानंही बोलली नाही. एवढे शिकलेले सर विचारतात कसे, याचंच तिला नवल वाटलेलं दिसलं.

सर त्या दिवशी खोलीत गेलेच नाहीत. घरी आले तर ओट्यावर एक माणूस पेढ्यांचा पुडा घेऊन बसलेला. भटूनाना, तापीकाठच्या कुठल्याशा गावचा कारभारी. "सर, तुमचं नाव ऐकलंय. नरडाण्याच्या जिनात तुम्ही जसा कागद दिला, तसा आमच्या देवळालाही द्या. गावात दोन वर्षांपासून भांडण चाललंय. देऊळ सगळ्यांना खुलं करा म्हणून पोरं हट्टाला पेटलीत. कायद्यानं आम्हाला काही बोलता येत नाही. शास्त्रानं बोलता येईल." आणि पुडा पुढे सरकवला.

 त्यांनी पुडा उचलून त्या माणसाच्या हातात कोंबला आणि "निघा!" असे ओरडले की शेजारचे बाहेर आले. रिकाम्या जागेत ताण असतो म्हणे! अरे, कसला ताण आणि कसलं बल! आपण अठरा पुस्तकं वाचून, मिशी ठेवून, चष्मा लावून कुठल्या घाणीला शास्त्र म्हणून शिक्का मारून दिला, हे त्या पुड्यानं त्यांना दाखवलं. रात्रभर ते छताकडे बघत पडले.

सकाळची पहिली एसटी पकडून सर आबांकडे गेले. वाटेत पन्नास वेळा घोकलं : मला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. वनानं सांगितलं होतं. मी दाबलं. तीन वाक्यं. आबा पडवीत बसले होते.

"आबा, ठिपका आरतीनं हालत नाही. मोटार थांबते म्हणून भिंत सरळ होते, त्यानं हालतो. ज्या दिवशी हालला नाही त्या दिवशी लाईट नव्हती. माणसांचा काही संबंध नाही. कोणाच्याच."

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "सर, वीस वर्षांपूर्वी या जिनात दोन माठ होते. दुसरा मी माझ्या हातानं फोडला. सगळे म्हणाले, आबा बाटला. मी ऐकलं नाही. यंदा ऐकलं, कारण तुम्ही लिहून दिलं. मला वाटलं, आपण अडाणी, शास्त्रापुढे आपलं काय चालणार?" त्यांचे डोळे भरले. "कधी लक्षात आलं तुमच्या हे?"

बघा, प्रश्न किती सोपा होता. उत्तर तयार होतं. तीन वाक्यं जिभेवर होती.

"आत्ता," सर म्हणाले. "परवा."

आबांनी त्यांचे दोन्ही हात धरले. "तीन वर्षांची मेहनत स्वतःच्या हातानं खोटी पाडायला आलात! असा माणूस मी पाहिला नाही हो." सरांना हात सोडवून घ्यावेसे वाटले, पण आबांची पकड घट्ट होती.

आबा जुन्या चालीचे. चूक झाली तर ती चारचौघांत पुसायची. गुरुवारच्या आरतीला सगळ्या जिनला थांबवलं, शिंदखेड्याहून वनाला माणूस पाठवून बोलावलं. पाट्या त्यांनी स्वतः काढल्या. पंडितअण्णा तोंड पाडून बसले होते. समाधीपुढे सतरंज्या, माईक, आणि बायकांच्या बाजूला पुढेच शेवंताबाई, आबांनीच बसवलेली.

आरतीआधी सर खोलीत यंत्राजवळ उभे होते. वना आत आला. वर्षभरात त्याचे केस पांढरे झाले होते. त्यानं ब्रॅकेटकडे बघितलं, भिंतीवरून हात फिरवला.

"सर, मले काही नको. नोकरी बी नको. पन लोक आजूनबी म्हनतस, वना गया म्हनून जिन ठीक चालनी. एक करा. मी हाई दोन साल पहिले सांगेल व्हतं, इतलंच माईकवर सांगा. मनी बायको तठे बठेल शे."

"सांगतो," सर म्हणाले. "वना, मी सांगतो. शपथ." आणि त्या क्षणी ते खरंच सांगणार होते. त्यांना रडू येत होतं.

आरती झाली. आबा माईकपुढे उभे राहिले. आपली चूक सांगितली, हात जोडले, माफी मागितली. माणूस मोठा होता. मग म्हणाले, "पण ही चूक कोणी शोधून काढली? देवरे सरांनी. पैसा बंद होईल, नाव जाईल, याची पर्वा केली नाही. मी दारात म्हटलं होतं, देवाच्या दारात खोटं नको. या माणसानं ते पाळलं." टाळ्या पडल्या. आबांनी सरांच्या खांद्यावर शाल घातली, नारळ दिला, आणि माईक पुढे केला. "सर, दोन शब्द बोला."

सरांनी समोर बघितलं. वना खांबाला टेकून उभा होता. शेवंताबाई पदर सावरून, मान वर करून बसली होती. तिला वनानं सांगून ठेवलेलं असणार. पहिल्या रांगेत जिल्ह्याच्या पेपरचा माणूस वही उघडून, कॉलेजचे प्रिन्सिपॉल चष्मा पुसत बसलेले. आणि बाजूला आबा. सत्तर वर्षांचा तो म्हातारा एका प्रामाणिक माणसाच्या शेजारी उभं राहायला मिळालं म्हणून आनंदानं थरथरत होता.

"शास्त्रात," सर म्हणाले, "चूक कबूल करण्यात कमीपणा नसतो." ते थांबले. माईक घूं घूं करत होता. "या कामात मला अनेकांचं सहकार्य लाभलं. त्या सर्वांचा मी आभारी आहे."

टाळ्या पडल्या. सर बसले. वना खांबापासून बाजूला झाला. तो रागावून निघून जाईल असं सरांना वाटलं, जावं असंही वाटलं, पण तो गेला नाही. तो त्यांच्याजवळ आला, लोक ऐकत होते म्हणून शुद्ध मराठीत म्हणाला, "सर, यंत्र आता खोलून ठेवू का?" सरांनी मान हलवली. वना पाना घेऊन खोलीत गेला. शेवंताबाई उठली आणि बायकांमधून वाट काढत, कोणाकडे न बघता गेटाबाहेर चालू लागली.

सर धुळ्याला पोचले तेव्हा रात्र झाली होती, लीलाबाई अंगणातल्या दिव्याखाली तांदूळ निवडत होत्या. त्यांनी शाल हातात घेऊन पोत पाहिला, किनार उलटून बघितली. "भारीतली आहे हो," त्या म्हणाल्या. "कशाबद्दल दिली?"

सर चपला काढत होते. एक काढली, दुसरी तशीच राहिली.

"खरं बोललो म्हणून," ते म्हणाले, आणि ओट्यावर बसून ढसाढसा रडायला लागले.